फरशीखालची माणसं

मनकर्णाबाई आमच्या घरामागे राहतात. नाचणगावात त्यांचं थोडं ओलिताचं वावर आहे. त्यात वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची, सकाळी तोडून पुलगावच्या बाजारात नेऊन बसायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. नवरा, वासुदेवराव, मागच्या मार्गशीर्षात गेले. मुलगी आचल सिंदी मेघेला दिलेली, आणि एकुलता मुलगा नीरज गोव्यात गाईड आहे. बापाला अग्नी देऊन तो लगेच परत गेला. तेरवीला पुतण्या स्वप्निल बसला. गावात जे बोलायचं ते लोक बोलले. मनकर्णाबाईंनी ऐकून घेतलं, पण वर्षश्राद्धाला तरी नीरजच बसला पाहिजे, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं.

दिवाळीनंतर आमच्या बचत गटाची सहल गोव्याला निघाली, तेव्हा त्या एवढ्यासाठीच आल्या. फोनवर तो नुसता 'पाहतो' म्हणायचा. "तोंडासमोर कसा नाई म्हणते, पाहू तं," असं त्या मला गाडीत म्हणाल्या.

जुन्या गोव्यातल्या मोठ्या कॅथेड्रलच्या दारात नीरज भेटला. गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांवर काळा चष्मा. आईच्या पाया पडला, तेवढं केलं त्याने. मनकर्णाबाईंनी दारातच चपला काढल्या.

"आई, येथं काढत नाईत. घाल."

"देवाचं घर आहे न? मंग?"

त्या तशाच आत गेल्या. छत इतकं उंच की बघता बघता मान दुखली. पांढऱ्या भिंती, जाडजूड खांब, आणि समोर भिंतभर सोनेरी कोरीव काम. मी गावच्या देवळापलीकडे फार काही पाहिलेलं नाही. माझे हात आपोआप जोडले गेले. आमच्यातली आनंदाबाई मात्र कुजबुजली, "बाप्पा! एवढ्या वरचं जाळं कोन काढत असन वं?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

नीरज हिंदीतून माहिती सांगू लागला. "इधर देखिए, ऊपर देखिए." आईलाही देखिए! ती काही बोलायला गेली की हा पुढच्या खांबाकडे निघायचा.

मग तो म्हणाला, या फरशीखाली जुन्या काळचे पाद्री आणि मोठे लोक पुरलेले आहेत. मनकर्णाबाई थबकल्या. पायाखालच्या दगडावर अक्षरं कोरलेली होती. त्या पटकन बाजूला झाल्या आणि प्रत्येक दगडाला हात जोडत कडेकडेने चालू लागल्या. मागून येणारे लोक अडले.

"आई, चाल न सरळ. लोक खोळंबून राह्यले."

"मानसाच्या अंगावर पाय देऊन देवापाशी जाऊ? काय रे, याईचं वर्षाचं कोन करते?"

"आता कोन करन? चारशे वर्षं झाले त्याईले."

"तुह्या बापाले तं एकच होऊन राह्यलं."

नीरजने मागच्या लोकांना हाताने पुढे जायला सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "सीझन हाय आई. सुट्टी नाई भेटत. स्वप्निलदादा बसन न. तू व्हिडिओ कॉल लावजो, मी येथून हात जोडतो." आणि लगेच आमच्याकडे वळून, "चलिए, आगे आइए."

मनकर्णाबाई वेदीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काही मागितलं का?"

"काय मागू? तो रोज येथंच उभा राह्यते. देवानं पाह्यलंच असन त्याले."

मार्गशीर्षात वर्षश्राद्ध झालं. स्वप्निल पाटावर बसायच्या बेतात होता आणि फोन वाजला. नीरजचाच. सिंदी मेघेहून आलेली आचल म्हणाली, "उचल न आई."

"राहू दे. तू बस पाटावर," मनकर्णाबाई तिला म्हणाल्या.

भटजी म्हणाले, "पोरगी?"

"मंग मी बसू?" मनकर्णाबाईंचा आवाज असा होता की स्वप्निल मुकाट्याने बाजूला झाला. आचलने पदर खोचला आणि भाताचा पिंड हातात घेतला.

तोवर फोन वाजून बंद झाला होता. नीरजने दिवसभरात पुन्हा काही लावला नाही.