सांगलीचा नदीकाठ, माझा नकाशा आणि हवालदारांची वांगी

१. शनिवारी साताऱ्याहून सांगलीला गेले.
२. कृष्णाकाठच्या पायवाटेवरून, मीच केलेला नकाशा बघत चालले.
३. तिसऱ्या टप्प्यावर वांग्याच्या शेतात शिरले.
४. शेतात शेतकरी होता.
५. माझा नकाशा घेऊन माझ्या आधीही बरेच लोक तिथे शिरले होते.

आता सविस्तर.

उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. सांगलीत रोज नदीत पोहणाऱ्या मंडळींनी काठावरच्या दुकानदारांना हाताशी धरून घाट आणि काठ साफ केला. लोक पुन्हा पाण्याकडे फिरकू लागले. या लोकांना काठावरच्या दुकानांपर्यंत नेणारी एक वाट आखून द्याल का, असं त्या पोहणाऱ्यांनी मला विचारलं. मी साताऱ्यात बसून दोन संध्याकाळींत ती आखली आणि याच ब्लॉगवर टाकली. जागेवर गेले नाही. चित्र इतकं स्पष्ट होतं की जाण्याची गरज वाटली नाही. हे वाक्य मी कामाच्या ठिकाणी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं, तर त्याला पुन्हा नकाशाला हात लावू दिला नसता.

सांगलीला जायला रेल्वे बरी. सातारा स्टेशन गावापासून लांब आहे, त्यामुळे रिक्षा आदल्या दिवशी सांगून ठेवा. मी सांगितली नव्हती. स्टेशनवर धावत पोचले आणि दमलेली नसल्यासारखी डब्यात बसले. कोरेगाव, रहिमतपूर, कराड करत गाडी सांगलीला पोचते. स्टेशनवरून शेअर रिक्षाने गणपतीच्या देवळापर्यंत या. पुढे घाट चालत गाठता येतो.

घाटावर सकाळी आठला चहा मिळतो. काठ खरंच स्वच्छ आहे. पोहून आलेले आजोबा पायरीवर डोकं पुसत होते. कुठून आलात, असं त्यांनी विचारलं. सातारा म्हटल्यावर, म्हणजे पाणी वरूनच घाण करून पाठवता ते तुम्हीच, असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

पहिले दोन टप्पे नकाशाप्रमाणे निघाले. झाडं जिथे दाखवली तिथे होती. मी मनात स्वतःला शाबासकी देत होते. मग वाट खाली उतरली आणि माझ्या नकाशात ‘मोकळी जागा’ असं लिहिलेल्या भागात गुडघ्याएवढी वांग्याची झाडं उभी होती. वांगी लागलेली होती. मधूनमधून झाडं मोडून आडवी झाली होती. फोन सांगत होता, सरळ जा. मी सरळ गेले.

शिट्टी वाजली.

बांधावर खाकी स्वेटर घातलेले, साठीचे एक गृहस्थ होते. शंकरराव, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त.

“म्याडम, एका लायनीत. सरीतनं चाला. वरंब्यावर पाय न्हाई पडला पायजे.”

मी एकटीच होते. तरी शिस्तीत सरीतून, म्हणजे झाडांच्या दोन ओळींमधल्या चरातून, चालत बांधावर पोचले. रविवारी झुंडीच्या झुंडी येतात, असं त्यांनी सांगितलं. आधी ते ओरडायचे, मग दोरी बांधून पाहिली, शेवटी सगळ्यांना शिट्टीवर सरीतून न्यायला लागले. कुणीतरी फोनवर नकाशा सोडलाय, तो करणारा एकदा सापडू दे, असंही म्हणाले. मी नदीकडे पाहत राहिले. घाटापासून संगमापर्यंत चार किलोमीटरची वाट आणि नेमकं आपलंच रान मधे, असं ते म्हणाले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “चार पूर्णांक दोन.”

ते थांबले. “वाटंचं माप तोंडपाठ हाय. म्हंजे तुमीच त्या.”

मी होय म्हटलं. चित्र पूर ओसरल्यावरचं होतं आणि त्यात नुसता गाळ दिसत होता, असा खुलासाही केला.

“आवं, गाळ हाय म्हणूनच वांगं हाय. गाळ म्हंजे मोकळी जागा व्हय?”

नदीने गाळ आणून टाकलेल्या काठच्या जमिनीला इथे मळी म्हणतात. पूर गेला की तिथे लागवड होते, हे इथल्या कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. मी सातारा जिल्ह्यातच वाढले. मला कुणाला विचारायचीही गरज नव्हती.

मी म्हटलं, हा टप्पा काढून टाकते, वाट दुसऱ्या टप्प्यावरच संपवते. ते त्यांना पटलं नाही. शेताच्या पलीकडे बाबगोंडा अण्णांचं भडंगाचं दुकान आहे. वाट झाल्यापासून अण्णांकडे रविवारी गिऱ्हाईक येतं आणि त्यांच्या मुलाने दुकान बंद करायचा विषय सोडलाय, असं त्यांनी सांगितलं. “माझी वांगी वाचवाया अण्णाच्या पोटावर पाय द्याचा व्हय? म्हशींच्या वाटंनं न्या की लोकास्नी.”

म्हशी पाण्यावर जातात ती वाट शेताच्या कडेने, चिंचांच्या खालून जाते आणि अण्णांच्या मागच्या दारापाशी वर चढते. वरून फक्त झाडांचे शेंडे दिसतात, म्हणून माझ्या चित्रात ती नव्हती. आम्ही दोघांनी ती चालून पाहिली. पाच मिनिटं जास्त लागतात आणि सावली आहे. शेणाकडे लक्ष ठेवा. अण्णांनी माझी ओळख ऐकून घेतली, तळहातावर गरम भडंग दिलं आणि हवालदारांना म्हणाले, “शिकल्याली पोरगी हाय, म्हशीच्या मागनं चालाया जरा येळ लागणारच.”

घरी येऊन त्याच संध्याकाळी नकाशा दुरुस्त केला. नवा इथे खाली आहे. या वेळी प्रत्येक वळण मी पायांनी तपासलं आहे. मोडलेल्या झाडांवरची वांगी शंकररावांनी सोबत दिली होती, त्यांचं भरीत आईने केलं. ती कुठून आणली, हे तिला सांगितलं. कशी मिळाली, ते सांगितलं नाही.

पण जुना नकाशा तुमच्या फोनमधून मला काढता येत नाही. शुक्रवारी शंकरराव मोडलेल्या झाडांच्या जागी नवी रोपं लावतील आणि शनिवारी मुलाकडे पठाणकोटला निघतील. रविवारी शेतात शिट्टी वाजवायला कुणी नसेल. ज्यांनी जुना नकाशा उतरवून घेतला आहे, त्यांनी तो काढून टाकावा आणि काढल्याचं येत्या गुरुवारपर्यंत खाली एका ओळीत कळवावं.