पडलेल्या यंत्राचा जबाब

मेहरूणचा नासीर म्हणजे कामाला वाघ आणि बोलायला भलता कंजूस. १९९२ साली जळगावच्या एका केळी संघात कॉम्प्युटर आला आणि तो सांभाळायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. हे यंत्र भर कामात मान टाकायचं आणि जाताना कागदभर आकडे ओकून जायचं. त्यातून कुणाला काही कळेल तर शपथ! कागद पुण्याच्या कंपनीला धाडायचा आणि हात जोडून बसायचं.

नासीरला हे पटेना. त्यानं खपून एक प्रोग्राम लिहिला. यंत्र पुन्हा सुरू झालं की कागदावर वर सरळ मराठीत यायचं : कधी पडलं, तेव्हा कोण बसलं होतं. अक्षरं इंग्रजी, पण बोली आपली. खाली ठराविक साच्याची एक ओळ, पुण्याच्या यंत्रानं वाचावी म्हणून. तेव्हा आतल्या प्रोग्रामचा कुठला भाग चालू होता, ते तिच्यात. संघात सगळे खूश. कागद फळ्यावर लागू लागले.

तिथंच घात झाला. प्रत्येक कागदावर नाव एकच, बिलं छापणाऱ्या झुंबरबाईचं. मयताजवळ शेवटी कोण होतं, एवढंच विचारणारी आपली माणसं. खालची ओळ वाचतंय कोण! मॅनेजर चुडामणभाऊंनी तिला सोमवारपासून गोदामात जायला सांगितलं.

"नासीरभाऊ, मना काय गुन्हा शे?" ती म्हणाली. "बठ्ठा लोके मनाकडेच देखतस."

नासीर त्या दिवशी जेवायला घरी गेला नाही. त्यानं सगळ्या कागदांवरच्या खालच्या ओळी ताडून पाहिल्या. दर वेळी चालू असलेला भाग तोच होता, प्रिंटर चालवणारा. तो कंपनीचा नव्हता, नासीरनंच हौसेनं लिहून बसवलेला. छापायचं काम झुंबरबाईचं, म्हणून दर वेळी तीच सापडायची.

गुपचूप दुरुस्ती केली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्यानं दुरुस्ती केलीच, पण आधी वरच्या ओळी बदलून सगळे कागद नव्यानं छापले : 'दोष प्रिंटरच्या भागात. तो भाग लिहिणारा नासीर.'

चुडामणभाऊ चपापले. "अरे, बाई जाईल परत तिच्या जागेवर. पण तुझं नाव कशाला? काढून टाक."

"भाऊ, तिचं नाव एवढे दिवस फळ्यावर होतं. तेव्हा काढ म्हणायला कुणी आलं नाही."

नासीरनं कागद स्वतः फळ्यावर टोचले आणि झुंबरबाईला हाक मारून सगळ्यांच्या आधी तिला वाचायला लावले.