कसरीचं भोक

कसर लागलेल्या जुन्या कागदाचा वास आला की ते हजेरीबुक आठवतं. यंत्रावर एका बाईचा नवरा मेला त्या दिवशी तो कामावरच नव्हता, असं गिरणीचं बुक सांगत होतं आणि बाईची भरपाई अडली होती. युनियनचा कारकून म्हणून मी बुक चाळत होतो. बाई म्हणाली, "साऱ्या पानायले कसरीनं भोक पाडलं, हेच काहून सोडलं गा?" त्या दिवसाचं ते पान नंतर घातलेलं होतं. सुनावणीत मी त्यावर विद्वत्तापूर्ण भाषण केलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी गंभीरपणे पुढची तारीख दिली, बुक गिरणीकडे परत गेलं. पुढच्या तारखेला त्या पानालाही भोक होतं, अगदी सरळ रेषेत. "आता कसरबी त्यायचीच झाली गा," बाई म्हणाली. पानात काय कमी आहे, हे गिरणीला मीच समजावलं होतं.