घरपट्टीच्या यादीत नसलेली पोरं

पत्रक लिहायचं एक शास्त्र आहे. ते मी साताऱ्यात, विसाव्या वर्षी शिकले. पहिली ओळ ओरडली पाहिजे, दुसऱ्या ओळीत आकडा पाहिजे, तिसऱ्या ओळीत कुणाचा तरी राजीनामा मागायचा. त्याखालचं कुणी वाचत नाही. राजवाड्यावर आणि पोवई नाक्यावर मी असे ढीगभर कागद वाटले. बरेचसे लोकांनी भेळेखाली घेतले असतील, त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एकाच कागदाचं, जो एका माणसानं अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

त्याचं असं झालं. पुण्याच्या एक संशोधक मॅडम आमच्या संघटनेकडं सर्वेक्षणाला मुलं-मुली शोधत आल्या. अर्थशास्त्राच्या. त्यांचा प्रश्न ऐकायला सोपा होता: ज्या गावात घरपट्टी नीट वसूल होते, तिथली शाळा बरी असते का? आणि गावातली निम्मी घरं कुलपात असली, तर त्या पट्टीचं आणि त्या शाळेचं काय होतं? मी लगेच हो म्हटलं. इतकी वर्षं आम्ही पत्रकात आकडे अंदाजानंच टाकत होतो. आता खरे मिळणार होते.

मला आटपाडी तालुका दिला. तिकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. कुणी केरळात, कुणी पंजाबात, कुणी पार आसामात. चार पैसे झाले की गावाकडं बंगला बांधायचा, यात्रेला आठ दिवस यायचं, उरलेलं वर्ष बंगला कुलपात. मला दिलेल्या गावापासून चार किलोमीटरवर एक वस्ती होती. डाळिंबाच्या बागा, मधूनमधून गुलाबी नाहीतर पोपटी बंगले, आणि एका टोकाला चौथीपर्यंतची शाळा. एक खोली, एक गुरुजी, हजेरीपटावर अकरा मुलं.

काम साधं होतं. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या यादीतली घरं टॅबमध्ये भरलेली. वस्ती लहान म्हणून तिथली यादीतली सगळीच घरं घ्यायची. घरी जायचं, कोण राहतं विचारायचं, मुलं किती, कुठल्या शाळेत, ते लिहायचं. घर बंद असलं तर आणखी दोनदा जायचं. तिसऱ्यांदाही बंदच असलं तर ‘बंद’ असं नोंदवून दाराचा फोटो काढायचा आणि पुढं जायचं.

एका बंगल्याच्या गेटवर सिमेंटचे दोन हत्ती होते. आत एक बाई पाइप घेऊन झाडांना पाणी घालत होती.

“मालक आहेत का?”

“मालक केरळात.”

“मग इथं कोण राहतं?”

“कोण न्हाई.”

“तुम्ही?”

“मी पाणी घालाय येती.”

“कुठनं येता?”

तिनं पाइप दुसऱ्या झाडाकडं वळवला. “हितनंच.”

बंगल्यामागं विहिरीच्या मोटारीची खोली होती, तिथून धूर येत होता आणि एक पोरगी मोठ्यानं पाढे म्हणत होती. दोरीवर शाळेचा गणवेश वाळत होता. हे सगळं मी बघितलं. तीनदा गेले, तीनदा बघितलं. आणि समोरच्या दाराला कुलूप होतं म्हणून ‘बंद’ लिहिलं. दिवसाला आठ घरं पुरी करायची होती, उन्हानं डोकं उठलं होतं आणि नियम माझ्या बाजूचा होता. सरकारी बाबू नियमावर बोट ठेवून हेच करतात तेव्हा मी त्यांच्या नावानं पत्रकं काढते.

एप्रिलमध्ये गुरुजींचा फोन आला. वस्तीवरची शाळा पट कमी म्हणून गावातल्या शाळेत मिसळायची, असं पत्र निघालं होतं. मधे मोठा रस्ता, त्यावर ट्रकांची वर्दळ आणि चार किलोमीटर चाल. सहा-सात वर्षांची पोरं रोज जाणार कशी? मी पेटले. रात्रीत निवेदन लिहिलं. बंगले बांधायला पैसा आहे, पट्टी थकवायला तोंड आहे आणि गरिबाच्या पोराला एक खोली द्यायला सरकारचा हात आखडतो, असं सगळं त्यात होतं. मॅडमनी प्रत्येक गावाला त्याच्या माहितीचा तक्ता दिला होता. ही त्यांची चांगली सवय, बाकीचे संशोधक माहिती घेऊन जातात ते तोंड दाखवत नाहीत. तो तक्ता मी निवेदनाला जोडला. बंद घरांच्या रकान्यावर लाल रेघ मारली. तेवढाच रकाना मला हवा होता.

सांगलीच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत साहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. गुरुजी माझ्या शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसले होते. साहेबांनी निवेदन बाजूला ठेवलं आणि तक्ता वाचायला घेतला. सावकाश, बोट फिरवत.

“ही पाहणी कुणी केली?”

“मी. घरोघर जाऊन,” मी ताठ बसून म्हणाले.

“म्हणजे खात्रीची आहे.”

“शंभर टक्के.”

“मग शेवटचा रकाना बघा. या वस्तीवर शाळेच्या वयाची मुलं तीन.” त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. “गुरुजी, तुमच्या पटावर अकरा आहेत. बाकीची आठ कुठून आणता?”

गुरुजी हसले. त्यांना वाटलं, साहेब थट्टा करतायत.

“साहेब, येऊन बघा की. रोज बसत्यात.”

“भेटीच्या दिवशी कुठलीही मुलं आणून बसवता येतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मला पत्ता दाखवा. कोणत्या घरात राहतात?”

ती आठ पोरं कुठल्याच घरात राहत नव्हती. ती बंगल्यांच्या मागच्या खोल्यांत, बागांच्या राखणीच्या पत्र्याखाली, मोटारीच्या खोलीत राहत होती. त्यांच्या आईबापांची आधार कार्डं जतपलीकडच्या गावांची, काहींची कर्नाटकातली. घरपट्टी ज्यांच्या नावावर निघते ती माणसं तिथं राहत नाहीत, आणि जी राहतात त्यांच्या नावावर काही निघत नाही. आम्ही यादी घरपट्टीची घेतली आणि म्हणालो, हे गाव. एवढी शिकलेली माणसं आम्ही, एकालाही हे सुचलं नाही.

साहेबांनी खोट्या पटाची चौकशी लावली. हजेरीपट, दाखले ज्यावरून निघतात ते जनरल रजिस्टर, सगळं सांगलीला मागवून घेतलं.

बाहेर आल्यावर मी रडायच्या बेतात होते. गुरुजी टोपी घालत म्हणाले, “पोरी, तू निवेदन लय झ्याक लिवतीस. पण जोडपत्र वाचत न्हाईस.”

तेवढंच. नंतरही कधी त्यांनी तो विषय काढला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “चूक माझी आहे. नमुना घरांचा काढला, माणसांचा नाही. मी पत्र देते.” पत्र आलंही. चार पानी, इंग्रजीत, प्रामाणिक. त्यात लिहिलं होतं की या माहितीवरून मुलांची संख्या ठरवू नये. साहेबांनी ते फाइलला लावलं आणि म्हणाले, ठरवू नये म्हणताय, पण मग किती, ते यात कुठं आहे?

किती, ते माझ्याकडं होतं. दारांचे फोटो टॅबमध्ये तसेच होते, जागा आणि तारखेसकट. हत्तींच्या बंगल्याच्या फोटोत कडेला तो गणवेश स्पष्ट दिसत होता आणि पायरीवर बसलेली ती तिसरीतली पोरगीही. अशी चार-पाच दारं निघाली. हे फोटो आणि मागं राहणाऱ्यांचे जबाब दिले की शाळा वाचते, गुरुजीही सुटतात. मी फोटोंच्या प्रती काढल्या आणि आधी त्या बाईकडं गेले.

तिनं फोटो नीट बघितला. पोरीचा चेहरा अंगठ्यानं पुसल्यासारखं केलं.

“द्यायचा न्हाई, ताई.”

“अहो, शाळा जाईल तुमच्या पोरीची!”

“व्हय.”

“मग? फक्त एवढं सांगायचं की आम्ही इथं राहतो. खरंच आहे ना ते?”

“खरं हाय. पण मालकानं सांगितलंय, कोण इचाराय आलं तर हितं कोण राहत न्हाई म्हणायचं. भाडेकरू दिसला की पट्टी वाढती म्हनं. आन् माझ्या नावानं कागद झाला की म्हणंल, बाई बंगला बळकावती.”

“कायदा आहे. असं कुणी काढू शकत नाही.”

“तुमी किती दिस ऱ्हाणार हितं? कायदा घेऊन?”

तिनं फोटो माझ्या हातात परत दिला.

“मी राहती म्हणून लिवलं की मालक मला काढणार. मला काढलं की पोरगी वस्तीवर न्हाई. मग शाळा कुणासाठी वाचवायची? तुमीच सांगा, शिकलेल्या हाय.”

मी चिडले. आज कबूल करते, मी तिच्यावर चिडले. म्हणाले, तुमच्यासारखे घाबरतात म्हणून हे सगळं चालतं. ही माझ्याच एका पत्रकातली ओळ. ती काही रागावली नाही. पाणी बंद केलं, पाइप गुंडाळून ठेवला आणि म्हणाली, “च्या घ्या. उन्हाचं आलाय.”

तिच्या खोलीत, चुलीच्या धुरात बसून मी चहा घेतला. भिंतीला खडूनं बाराखडी काढलेली. तिथं बसून मी जन्मात पहिल्यांदा हातात पुरावा असून गप्प राहायचं ठरवलं. फोटो दिले नाहीत. बरोबर केलं की चुकलं, मला अजून ठरवता येत नाही. गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, “बरं केलंस.” पण ते तसंच म्हणणारे माणूस.

जूनमध्ये वस्तीवरच्या शाळेला कुलूप लागलं. आम्ही सांगलीला वरच्या साहेबांकडं अपील टाकलं होतं, सुनावणी व्हायची होती. तोवर पोरं थांबणार थोडीच? तिघं बापाच्या मोटरसायकलवरून गावातल्या शाळेत जाऊ लागले. तिघी घरीच बसल्या. बागेवरची दोन कुटुंबं चार पोरं घेऊन मिरजेला दवाखान्यात झाडलोटीच्या कामाला गेली.

मग त्या बाईचा फोन आला. आष्ट्याला तिची बहीण होती, पोरीला तिच्याकडं ठेवायचं ठरलं होतं. पण शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. देणार कोण? रजिस्टर चौकशीत अडकलेलं.

“दाखला नसला तरी घ्यावंच लागतं,” मी तावातावानं म्हणाले. “कायदाच आहे तसा.”

“मग तुमीच या संगं सांगाय. मला बंगला सोडता येत न्हाई.”

गेले. आटपाडीहून विटा, विट्याहून पुढं, एसटीनं सगळी सकाळ गेली. पोरगी खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी. पहिल्यांदाच उसाचा पट्टा बघत होती. मधेच म्हणाली, “हितं लय हिरवं हाय की ओ.” आष्ट्याच्या शाळेत मी वाद घालायच्या तयारीनंच शिरले होते. कलमं पाठ केली होती. तिथल्या बाईंनी पोरीकडं बघितलं, नाव विचारलं आणि वर्गाकडं हात केला. “जा, बस. कागद येतील तेव्हा येतील.” माझी कलमं तशीच घशात राहिली. परतताना मला आनंद व्हायला हवा होता. पण विट्याच्या स्टँडवर बसल्यावर लक्षात आलं, की ज्या पटासाठी आम्ही भांडतोय त्यातलं एक नाव आज मी स्वतःच उचलून दुसरीकडं नेऊन ठेवलं.

ऑगस्टमध्ये सुनावणी झाली. वरचे साहेब वेगळे होते, घाईत होते. मॅडमचं पत्र त्यांनी चाळलं, गुरुजींवरचा ठपका काढतो म्हणाले. तेवढं बरं झालं. मग मान वर करून त्यांनी मला विचारलं, “ते सगळं राहू द्या. आजच्या घडीला या वस्तीवर शाळेत जाणारी किती मुलं आहेत? खरं सांगा.”

अकरा म्हणता आलं असतं. कुणी मोजायला येणार नव्हतं. गुरुजी समोर भिंतीकडं बघत होते.

“तीन,” मी म्हणाले. “घरी बसलेल्या धरून सहा.”

त्यांनी लिहून घेतलं आणि खाली ‘शाळा मिसळणं कायम’ असा शेरा मारला. आमचं काम पाच मिनिटांत संपलं.

बाहेर झिरमिर चालू होती. गुरुजींनी छत्री उघडली, मला आत घेतलं. स्टँडपर्यंत चालत गेलो. आटपाडीची गाडी लागायची होती. बाकड्यावर बसल्यावर त्यांनी विचारलं, “आष्ट्याला गेलेल्या पोरीचं कसं चाललंय?”

“बरं आहे म्हणते तिची मावशी.”

“पाढं कुठवर आलं?”

“मला नाही माहीत, गुरुजी.”

“तेरापर्यंत पाठ हुतं तिचं,” ते म्हणाले. “चौदाचा मी पावसाळ्यात घेणार हुतो.”