तीन मुठी तूप, प्लास्टरसकट

आमच्या घरची काजूची नानकटाई सासूबाईंच्या उजव्या हातात होती, आणि तो हात ऐन दिवाळीच्या तोंडावर मोडला.

विहिरीजवळच्या शेवाळावरून त्या घसरल्या. पडतानाही त्यांनी कळशी सोडली नाही, म्हणून कळशी वाचली आणि मनगट गेलं. डॉक्टरांनी कोपरापासून बोटांपर्यंत असं घसघशीत प्लास्टर घातलं की सासूबाई दारात उभ्या राहिल्या की आधी हात दिसायचा, मग सासूबाई. आणि हे सगळं कधी? तर माझी नणंद सुलभा हिच्या दिवाळसणाला! नवा जावई सावर्ड्याचा. त्याच्या आईने, म्हणजे विहीणबाईंनी, लग्नात आमची नानकटाई खाल्ली होती आणि निघताना सगळ्यांसमोर बजावलं होतं, "दिवाळीला जावयाबरोबर डबाभर पाठवा हां!"

सासूबाईंनी मला हाक मारली. "सुमन, यंदा तुला करायला लागणार. माझं नाव आता तुझ्या हातात गो."

मी माहेरची कराडची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि या घरात मला नाव एकच होतं, 'घाटावरची'. आमटीत कोकम विसरलं, घाटावरची. नारळ खवताना बोट खवलं, घाटावरची. बाजारातून बांगडे म्हणून भलतेच मासे आणले, तेव्हा तर मासेवालीसुद्धा म्हणाली, "घाटावरची दिसताय!" ही नानकटाई जमली असती तर मी रत्नागिरीची झाले असते. एवढीच माझी इच्छा होती, हो!

"प्रमाण सांगा," मी म्हटलं.

"मैदा नि साखर ह्या डब्याने, समसमान. काजू आपल्या झाडाचे, अर्धे कुटून आत, अर्धे वरून टोचायचे. नि तूप तीन मुठी."

"कुणाच्या मुठी?"

"कुणाच्या म्हणजे? माझ्या!"

मी माझी मूठ पुढे केली. सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मान हलवली. "ही नाय चालायची. घाटावरची मूठ ही, भाकरी थापायची." मग त्यांची स्वतःची डावी मूठ? तिच्याकडे तर त्यांनी अशा तुच्छतेने पाहिलं की ती आपोआप उघडली. "ह्या हाताला काय कळतंय? ह्याने जन्मात तूप घेतलं नाय."

इथे आमचे हे पुढे सरसावले. हे हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत. (आमच्या संसारातले बहुतेक अपघात याच एका कारणाने झालेले आहेत.) ह्यांनी पातेलं काठोकाठ पाण्याने भरलं, परातीत ठेवलं आणि म्हणाले, "आई, मूठ बुडव. जेवढं पाणी सांडेल तेवढं तुझ्या मुठीचं माप. नववीच्या पुस्तकात आहे."

"अरे वसंता, प्लास्टर भिजेल ना!"

"प्लास्टिकची पिशवी घालू."

पिशवी घातली, मनगटाला सुतळी बांधली आणि हात बुडवला. भसकन पाणी परातीत आलं. ह्यांनी ते मोजून तेवढंच तूप ओतलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी मला वाटलं, नानकटाई करतोय की तुपात मैदा तळतोय? पण हे मास्तर, मी घाटावरची. गप्प बसले.

सासूबाईंनी डाव्या हाताचं बोट पिठात खुपसून पाहिलं. "सैल वाटतंय गो." मी आशेने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बोट बाहेर काढलं, त्याच्याकडे रागाने बघितलं आणि म्हणाल्या, "पण हा डावा हात. ह्याचं काय खरं!"

तर अशा रीतीने विज्ञान आणि सासूबाई या दोघांचीही मंजुरी घेऊन मी पिठाचा डबा डोक्यावर ठेवला आणि बेकरी गाठली.

त्या काळी घरात भट्टी कुणाची असणार? दिवाळीत अख्खी आळी पीठ घेऊन हसनचाचांच्या बेकरीत रांग लावायची. तिथेच ट्रेवर गोळे मांडायचे, चाचा भट्टीत सरकवायचे. ट्रे कमी आणि बायका जास्त, म्हणून एका ट्रेवर दोन घरं. आणि माझ्या नशिबी ट्रेचा दुसरा अर्धा भाग कुणाचा यावा? मालतीकाकूंचा! मालतीकाकू आमच्या कुंपणापलीकडच्या. सासूबाईंच्या नानकटाईचं प्रमाण काढून घ्यायला त्या इतकी वर्षं टपून होत्या. त्या अंगणात आल्या की सासूबाई तूप घेण्याआधी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायच्या.

मी गोळे वळले. म्हणजे वळायला गेले. एक ठेवून दुसरा वळेपर्यंत पहिला आडवा झालेला असायचा. मालतीकाकू तिरक्या डोळ्यांनी बघत होत्या. "तुमच्याकडची पद्धत वेगळी दिसत्ये!"

"हो," मी काजू टोचत म्हटलं. काजू टोचावे लागत नव्हते, आपले आपण बुडत होते.

ट्रे आत गेला. थोड्या वेळाने हसनचाचा बाहेर आले. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "वैनी, जरा हिकडं या. घाबरू नका."

मी तिथेच घाबरले.

"तुमची नानकटाई बसली."

"कुठे बसली?"

"सगळीकडं!"

ट्रे बाहेर आला. गोल, टपोरी, वरून भेगाळलेली नानकटाई कुठेच नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच एक सोनेरी चटई पसरली होती. तुपाने माझी हद्द केव्हाच ओलांडली होती आणि मालतीकाकूंचे बिचारे कडक गोळे त्या चटईत गुडघाभर रुतून बसले होते. त्यात भट्टीची लादी एका बाजूला उतरती. तूप उताराला लागलं आणि तुपाबरोबर आमचे सगळे काजू वाहत मालतीकाकूंच्या बाजूला जाऊन साठले. आमच्या बाजूला औषधालासुद्धा काजू उरला नाही.

"काकू, ते काजू आमचे," मी रडवेल्या आवाजात म्हटलं.

"असतील. पण पडलेत माझ्या अंगणात!"

आमच्या आळीत कुंपणापलीकडे पडलेल्या आंब्यावरून दोन-दोन पिढ्या अबोला धरलेली घरं होती. चाचांनी उलथनं घेऊन मधोमध रेघ मारली आणि चटईची वाटणी केली. तुकडे गोळा करताना मालतीकाकू माझ्या कानाशी लागल्या, "आता खरं सांग, तूप किती घातलंस?"

मी इतकी खचले होते की खरं सांगून टाकलं. "सासूबाईंच्या तीन मुठी, प्लास्टरसकट."

"नको सांगू हो! थट्टा कशाला करतेस?" असं म्हणून त्या फणकाऱ्याने निघून गेल्या आणि पुढे संक्रांतीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

घरी डबा उघडला. सासूबाईंनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. ह्यांनी एकदा त्या तुकड्याकडे, एकदा आईच्या हाताकडे पाहिलं आणि वर्गात उत्तर चुकल्यावर पोरं बोलतात तेवढ्या आवाजात म्हणाले, "प्लास्टर वजा करायचं राहिलं."

"हात मोडला तो जुळेल रे," सासूबाई म्हणाल्या. "नाव मोडलं ते कसं जुळायचं?"

मी मागच्या दारी जाऊन पोटभर रडले. पुन्हा करायला घरात तूप नव्हतं, भट्टीत जागा नव्हती आणि जावई दुसऱ्या दिवशी हजर! सासूबाईंनी त्याला चकली दिली, चिवडा दिला, करंज्या दिल्या, नानकटाईचा विषयच काढला नाही. पण निघताना तोच म्हणाला, "आईने नानकटाईचं आठवणीने सांगितलंय."

मी मान खाली घालून डबा त्याच्या हातात दिला. त्याने झाकण उघडून पाहिलं. "हे काय?"

"नवीन प्रकार," हे म्हणाले. जावई बिचारा सज्जन. झाकण लावून सुलभाबरोबर एसटीत बसला. सासूबाई दिवाळी संपेपर्यंत मालतीकाकूंच्या बाजूच्या खिडकीत उभ्या राहिल्या नाहीत. मला वाईट वाटत होतं ते याचं. मला रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

पुढे तुळशीच्या लग्नाला सुलभा माहेरी आली. आम्ही सगळे श्वास रोखून. ती म्हणाली, "आई, माझ्या सासूबाईंनी डबा दोन दिवसांत संपवला! म्हणाल्या, लग्नातली बरी होती, पण ही तोंडात नुसती विरघळते. पुढच्या वर्षीही हीच पाठवायला सांगितल्ये."

"लग्नातली बरी होती?" सासूबाईंचा चेहरा पडला.

"अगं, त्यांचे सगळे दात काढलेत. कवळी अजून यायची आहे."

पण हे दातांचं बोलणं सासूबाईंनी ऐकलंच नाही. इतके दिवस 'घाटावरचीने घातलेला घोळ' होता, तो त्या संध्याकाळपासून 'आमच्याकडची पद्धत' झाला. खिडकी सताड उघडून त्यांनी मालतीकाकूंना ऐकू जाईल अशा आवाजात तो निरोप तीन वेळा सुलभाकडून वदवून घेतला!

माझं सुख पुढच्या दिवाळीपर्यंत टिकलं. तोवर सासूबाईंचा हात जुळला होता आणि प्लास्टर डॉक्टरांनी कापून कधीच फेकून दिलं होतं. त्यांच्या मुठीने तूप घातलं, नानकटाई गोल झाली. जरा जास्त घातलं, तरी गोल. ह्यांनी अंदाजाने प्लास्टर मिळवून पाहिलं, तर ट्रेमधून तूप थेट भट्टीत सांडलं आणि हसनचाचांनी आम्हाला हात जोडले. सावर्ड्याहून निरोपावर निरोप येत होते, आणि मी पुन्हा घाटावरची झाले होते.

शेवटी आम्ही तिघं परातीभोवती हताश बसलो. सासूबाई आपल्या धडधाकट मनगटाकडे बघत खिन्नपणे म्हणाल्या, "प्लास्टर होतं तेव्हा जमलं होतं गो."

हे म्हणाले, "प्लास्टर पुन्हा कुठून आणणार?"

मायलेकांची नजर हळूहळू फिरत माझ्या उजव्या हातावर येऊन थांबली. तेव्हापासून दसरा झाला की मी विहिरीवर पाणी भरायला जात नाही.