गजी नाचाची सीडी

त्या दुष्काळी वर्षांत मी पुंडलिकनगरात एका केबलवाल्याकडं नोकरीला होते. बिडकीनहून शहरात एकटीच आले होते. गच्चीवर पत्र्याची खोली, तिच्यात दोन डीव्हीडी प्लेअर, एक टीव्ही आणि फोन. लोक फोनवर सिनेमा मागायचे, मी लावायचे.

चॅनल दोनच, आणि आजूबाजूला रोज नवी इमारत उठत होती. प्रत्येकाला सिनेमा पहिल्यापासून हवा असायचा. म्हणून फोन आला की मी लगेच काही लावत नसे. त्याच सिनेमाचे आणखी चार-पाच फोन जमू द्यायचे, मग सगळ्यांसाठी एकदाच सोडायचे. मागून मागणाऱ्यांसाठी तोच सिनेमा अर्ध्या तासानं दुसऱ्या चॅनलवर. एवढ्यात सगळ्या वस्तीचं भागायचं.

एक म्हातारे बाबा मात्र या हिशोबात बसत नव्हते. पाचोडकडचे. चारापाणी आटल्यावर मेंढरं विकून मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलेले. गावच्या जत्रेतल्या गजी नाचाची, म्हणजे ढोलावर फेर धरून नाचणाऱ्या धनगरांची, सीडी त्यांनी मुलाच्या हाती पाठवली होती. रोज दुपारी फोन यायचा.

"पोरी, आमची शिडी लाव की."

"बाबा, जरा थांबा. आधी जास्त लोकांचं लावावं लागतं."

"थांबतो की. मला काय काम हाय?"

ती सीडी दुसरं कुणीच मागत नसे, त्यामुळं त्यांची पाळी यायचीच नाही.

एका दुपारी गल्लीत टँकर आला. सगळी घरं ड्रम, बादल्या घेऊन खाली धावली. फोन गप्प झाला. मी सीडी लावली आणि बाबांना फोन केला.

"बाबा, टीव्ही बघा."

पलीकडून ढोल ऐकू येऊ लागला. बाबांनी आवाज वाढवला. मग म्हणाले, "दुसरं कोण बघायलंय?"

"कुणीच नाही. तुम्हीच."

"मंग बंद कर. गजी काय एकट्यानं बघायची असती व्हय?"

माझा हात बटणापर्यंत गेला होता. तेवढ्यात तोंडून निघालं, "मी बघते ना, बाबा."

मग आम्ही दोघं फोन कानाला लावून बघत राहिलो. "त्यो फेटा सुटलेला दिसतो का? माझा धाकटा भाऊ. आता नाय त्यो." मी हं हं करत होते. माझ्याशीही इतका वेळ कुणी बोललं नव्हतं, कितीतरी दिवसांत.

पुढं दुपारी फोन शांत असले की आम्ही असंच बघायचो. एका आठवड्यात त्यांचा फोन आला नाही, म्हणून मीच लावला. सुनेनं उचलला.

"मामंजी गावी गेले. पाऊस नाही, काही नाही, तरी गेले. इथं करमत नाही म्हणाले. काही काम होतं का?"

"नाही, सहज," म्हटलं आणि ठेवला.

खाली जाऊन चहा प्यावा असं वाटलं. पण सोबत कुणाला हाक मारावी, ते सुचेना.