रॅपमध्ये आई
कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी एक रॅप लिहिला. विषय बायकांच्या कष्टांचा. राबते ती, सातबाऱ्यावर नाव मात्र त्याचं, असं काहीतरी जोरदार. व्हिडिओ आमच्या गावी, बोरीला, आमच्याच शेतात करायचं ठरलं. नारायणगावची मैत्रीण मोबाईल आणि स्टँड घेऊन आली.

मी पाहिलेल्या हिपहॉप व्हिडिओंत दोनच तऱ्हा असायच्या. एक तर गॉगल, साखळ्या, काळी गाडी. नाहीतर सामाजिक संदेश, म्हणजे भेगाळलेली जमीन आणि सुरकुतलेला चेहरा. माझं गाणं दुसऱ्या तऱ्हेचं. म्हणून आईला म्हटलं, "विटकी साडी नेस, डोक्यावर गवताचा भारा घे आणि दमल्यासारखी चाल."

आई घरात गेली ती लग्नकार्यातली जांभळी साडी नेसून आली.

"अगं, हे काय?"

"माझ्या माहेरची माणसं बघणार. रडकं तोंड मी करणार न्हाई."

मैत्रिणीने विचारलं, "मग काकू, तुम्हाला काय करायचंय?"

"ट्रॅक्टर चालवते."

मला थट्टा वाटली. पण तिने पदर खोचला, वर चढली, गिअर टाकला आणि मोकळ्या रानातून सरळ निघाली. बांधाशी सफाईने वळलीसुद्धा. मैत्रीण शूट करत होती, आणि मी रॅप म्हणायचाच विसरले.

तेवढ्यात वडील मार्केटवरून आले. मोटारसायकल बंद न करताच बघत राहिले.

"ही कवा शिकली?"

आईनेच वरून सांगितलं, "तुमी टोमॅटो घेऊन जाता तवा. दोन वर्सं झाली."

वडिलांनी मोटारसायकल बंद केली. मग म्हणाले, "आन् मी समजत व्हतो, डिझेलची टाकी गळतीय."

मैत्रीण हसून हसून खाली बसली. वडिलांना चहा हवा होता, पण चहा करणारी ट्रॅक्टरवर होती. शेवटी तो मी केला.

'पिचलेली, खचलेली' हे कडवं मी त्याच संध्याकाळी खोडलं. सातबाऱ्याची ओळ ठेवली. व्हिडिओ फार कुणी पाहिला नाही. मावशीने फोन करून साडी कुठून घेतली ते विचारलं. वडिलांनी तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला.

चार दिवसांनी ते आईला म्हणाले, "उद्या मला नारायणगावला जायाचंय. तेवढं वरचं रान नांगरून ठेवशील?"

"ठेवीन की. सकाळचा डबा तुमी करा."

सातबारा अजून वडिलांच्याच नावावर आहे. डबा मात्र त्यांनी केला. पिठलं लई खारट झालं होतं. आईने बांधावर बसून ते सगळं संपवलं.